गावची उत्पादक कंपनी: भाग सगळ्यांचे, काटा कोणाचा?

धुऱ्यावरचा

शेतकरी उत्पादक कंपन्यांचं तीन वर्षांचं सरकारी पाठबळ जिथे संपलं किंवा संपत आलं, तिथे एकसारखे पेच पडताना दिसतात. चर्चेसाठी एक नमुना घेऊ. सोयाबीन, तूर, कपाशीचा पट्टा. आठ गावं मिळून ३२० सभासद, प्रत्येकी १,००० रुपयांचा भाग, १० संचालक. गोदाम अध्यक्षांच्या भावाचं. खत-बियाणं येतं ते कृषी केंद्र एका संचालकाच्या मेव्हण्याचं. व्यवस्थापक दुसऱ्या संचालकाचा पुतण्या. आणि आता तालुक्यातला एक व्यापारी म्हणतो, "२० लाख टाकतो, मले भागीदार करा."

व्यापाऱ्याला असं आत घेता येतं का? सोयऱ्याधायऱ्यांचे व्यवहार बंद करायचे की चालवायचे, आणि चालवायचे तर कसे? अनुदान संपल्यावर पगार कुठून काढायचे? आणि बिनसलंच तर सहकारी संस्थेसारखं डीडीआरकडे (जिल्हा उपनिबंधकाकडे) जाता येतं का? ज्यांना कायदाही कळतो आणि काटाही कळतो त्यांनी लिहावं. "सारे चोर आहेत" छाप प्रतिसाद नकोत, ते पारावर फुकट मिळतात.

जमाखर्च

पहिल्याचं उत्तर: नाही.

उत्पादक कंपनीची तरतूद २००२ साली जुन्या १९५६च्या कंपनी कायद्यात घातली गेली. २०२०च्या दुरुस्तीनं ती २०१३च्या कायद्यात प्रकरण २१-अ म्हणून आली, कलम ३७८ए पासून पुढे. सभासद होऊ शकतो तो फक्त उत्पादक किंवा उत्पादकांची संस्था. नोंदणीला किमान १० उत्पादक, संचालक ५ ते १५. व्यक्ती सभासद असतील तर भाग कितीही असोत, मत एकच. भाग द्यायचा तर मंडळाची आधी परवानगी घेऊन, सक्रिय सभासदालाच, आणि दर्शनी किमतीला. १,०००चा भाग १,०००लाच. कंपनीकडे उद्या कोटीची मशिनरी आली तरी भाग फुगत नाही. म्हणून २० लाखवाल्याला भागात रस असायचं कारणच नाही. त्याचा रस दुसरीकडे असतो: थेट पणन परवाना, हमीभाव खरेदी केंद्र मिळण्याची शक्यता, आणि ३२० घरांचा माल एका जागी.

"त्याच्याही नावावर दहा एकर वावर आहे, तोही कास्तकारच" असं कोणीतरी म्हणणारच. त्यावर कायद्यात एक वाक्य आहे, फार कमी लोक वाचतात: ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो त्याला सभासद होता येत नाही, आणि सभासद झाल्यावर तसा धंदा सुरू केला तर सभासदत्व जातं. सोयाबीनचा अडत्या आणि सोयाबीन विकणारी कंपनी यांचं हित एक की वेगळं, हे सांगायला वकील लागत नाही.

कलम मात्र त्या माणसापुरतं आहे. बायको, भाऊ, सालगडी यांच्या नावावर २५ भाग घेतले तर कलम गप्प बसतं.

सरकी_पेंड

जमाखर्चदादांनी भागाचं सांगितलं. पण व्यापारी भागातून येतच नाही, तो चुकाऱ्यातून, म्हणजे कास्तकाराला द्यायच्या मालाच्या पैशातून येतो. हिशेब मांडतो.

३२० गुणिले १,००० म्हणजे ३.२० लाख. केंद्राच्या २०२०च्या १०,००० एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीमागे जास्तीत जास्त १५ लाख, असं बरोबरीचं समभाग अनुदान आहे. इथे जोडीला ३.२० लाखच येणार. झाले ६.४० लाख. सोयाबीन ४,५०० धरलं तर दहा टनी एक ट्रक, म्हणजे १०० क्विंटल, ४.५० लाखांचा. सगळं भांडवल दीड ट्रकालाही पुरत नाही. तेलाच्या प्लान्टकडून पैसे यायला आठ-दहा दिवस. दसरा-दिवाळीत कास्तकाराला चुकारा त्याच दिवशी पाहिजे, कारण सोंगणीची मजुरी डोक्यावर आहे आणि हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं आहे. त्या आठ दिवसांच्या फटीत जो पैसा घालतो, भाव तो ठरवतो. भागपत्रावर नाव कोणाचंही असू द्या.

कपाशीत तर ही फट दरीएवढी. जिनिंग (सरकी काढून रुई वेगळी करायची गिरणी) स्वतःची नको, भाड्यानं गाठी बांधून घेऊ म्हटलं तरी गणित असं: ३४ टक्के रुई उतरली तर १०० क्विंटल कापसातून ३४ क्विंटल रुई, १७० किलोच्या २० गाठी. सरकी ६३-६४ क्विंटल, बाकी घट. सूतगिरणीचा सौदा बहुधा १०० गाठींचा. त्याला ५०० क्विंटल कापूस लागतो, ७,५०० दरानं ३७.५० लाख. सुरुवातीची दोन वर्षं कंपनीनं कपाशीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत. एक लॉट अडकला की कंपनी व्यापाऱ्याच्या दारात.

वऱ्हाडी_ठसका

जमाखर्च भाऊ, कायदा लय साजरा सांगतला. पन मले सांगा, सभेले येते कोन? रजिस्टर घरोघरी फिरते, चहाच्या कपासंगं सही होते, झाली सभा. कोनाले इचारलं तं म्हंते, "आपलेच लोकं हायेत, काहाले जाच." अन् मंग पाराव बसून हेच लोकं म्हंतेत का कंपनी बुडाली.

जमाखर्च

ठसकादादा, तीच खरी गळती. सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश, म्हणजे इथे ८०. नोटीस किमान १४ दिवस आधी. ३१ मार्चला वर्ष संपतं, बहुतेक कंपन्या सप्टेंबरअखेर सभा उरकतात. पोळा झाल्यावर आणि सोयाबीनच्या सोंगणीआधी जो मोकळा आठवडा मिळतो तोच धरायचा, सकाळी ९ ते ११. दुपारी ठेवली की माणूस फवारणीला गेलेला असतो.

घरोघरी सह्या घेण्यातला खरा धोका वेगळा आहे. त्या रजिस्टरात मेलेल्या सभासदाचीही सही सापडते. एक सापडली की अख्खं इतिवृत्त संशयात, आणि त्या सभेत मंजूर झालेलं कर्जही. म्हणून हजेरीला सभासद क्रमांक, नाव, गाव, भाग आणि सही असे रकाने, पान क्रमांक घातलेलं बांधीव रजिस्टर. सुटे कागद नकोत.

सभेनंतर कंपनी निबंधकाकडे ताळेबंद ३० दिवसांत एओसी-४ फॉर्ममध्ये, वार्षिक विवरण ६० दिवसांत एमजीटी-७ मध्ये. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये. दोन फॉर्म एक वर्ष राहिले की ७३,०००. म्हणजे ७३ सभासदांचे भाग गेले. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर कलम १६४(२) खाली सगळे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र, दुसऱ्या कुठल्याही कंपनीतसुद्धा. ज्या संचालकाला "नुसती सही कर" म्हणून बसवलं, तोही.

काटेकोर

आता सोयऱ्यांकडे येऊ. कंपनी कायद्यात 'नातेवाईक' कोण ते नियमात मोजून दिलंय: नवरा-बायको, एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. संपली यादी.

यात मेव्हणा नाही. साडू नाही, व्याही नाही, भाचा नाही. पुतण्या एकत्र कुटुंबात असला तर येतो, वाटण्या झाल्या की सुटला. आपल्याकडे गावातला निम्मा व्यवहार व्याही आणि मेव्हण्याच्या भरवशावर चालतो, आणि कायद्याला तो दिसतच नाही. धाग्यातल्या नमुन्यात अध्यक्षांच्या भावाचं गोदाम कायद्याच्या चिमट्यात येतं. मेव्हण्याचं कृषी केंद्र साफ सुटतं.

भावाच्या गोदामाबाबत: दर आर्थिक वर्षातल्या पहिल्या बैठकीत प्रत्येक संचालकानं आपले हितसंबंध एमबीपी-१ फॉर्ममध्ये लेखी द्यायचे. भाडेकराराचा ठराव मंडळासमोर आणायचा, संबंध इतिवृत्तात लिहायचा. त्या ठरावाला अध्यक्षांनी खुर्ची सोडून बाहेर बसावं हे माझ्याकडून. भाडं ठरवताना महिन्याचं ठोक ठेवूच नका. एप्रिल ते सप्टेंबर गोदाम रिकामं असतं, ठोक भाडं मात्र चालू राहतं. पोत्यामागे महिन्याचा दर लावा. मोजपट्टी म्हणून जवळच्या राज्य वखार महामंडळाच्या गोदामाचं दरपत्रक बाजूला लावा, त्याच्यापेक्षा जास्त द्यायचा असेल तर का, ते इतिवृत्तात एका ओळीत.

मेव्हण्यासाठी एकच इलाज: कंपनीच्या नियमावलीत 'सोयरा' शब्दाची आपली व्याख्या घाला. रक्ताचं आणि लग्नाचं नातं, दोन पिढ्यांपर्यंत, असं सरळ मराठीत लिहून मग वकिलाकडून इंग्रजी करून घ्या. उलट दिशेनं केलं की वकील कायद्यातली तीच जुनी यादी चिकटवतो.

जुना_सभासद

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. सोयरीक हा रोग आहे असं धरून सगळे लिहिताहेत. पण सोयरे नसते तर कंपनी नोंदलीच गेली नसती. पहिले दहा सहीकर्ते कोण असतात? धुऱ्याला धुरा लागलेले आणि एकमेकांच्या लग्नात वाढायला उभे राहिलेले. अनोळखी माणसाला कोणी आधार कार्ड आणि १,००० रुपये काढून देत नाही. व्याह्याच्या शब्दावर पन्नास लोक भाग घेतात.

आणि गावाला अविश्वासाची कारणं आहेत. १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, कापूस सरकारच घेणार, मग पुढे कापूस पणन महासंघ आला. तालुक्याला सहकारी जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या. बापाच्या काळचं त्या संस्थेचं भागपत्र आजही कितीतरी घरी पेटीत आहे आणि जिनात बाभळी वाढल्या आहेत. अशा गावात नवीन कंपनी म्हणजे आणखी एक पावती. ती पावती खरी वाटते ती देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून.

काटेकोर

जुनेभाऊ, मान्य. सोयऱ्याच्या शब्दावर सभासद करा, सोयऱ्याच्या हमीवर कर्ज घ्या. सोयऱ्याच्या मालाला ओलाव्याची सूट देऊ नका. मी एवढंच म्हणतो, आणि त्याची किंमत रुपयांत सांगतो.

सोयाबीन १४ टक्के ओलाव्याचं घेतलं आणि १२ टक्क्यांवर विकलं. १०० किलोत सुकं द्रव्य ८६ किलो. १२ टक्क्यांवर ते ८६ भागिले ०.८८, म्हणजे ९७.७३ किलो भरतं. गेले २.२७ किलो. ४,५०० दरानं क्विंटलमागे १०२ रुपये. अध्यक्षांच्या व्याह्याचा १०० क्विंटल माल "आपलाच माणूस" म्हणून १२ टक्क्यांचा लिहिला की १०,२०० रुपये उडाले. चोरी कोणीच केली नाही, नुसता मान राखला.

लक्षात घ्या, बाजारात एका टक्क्याला एक किलो कापायची रीत आहे. खरी घट टक्क्याला सुमारे १.१४ किलो आहे. म्हणजे रीतीप्रमाणे कापूनही कंपनी थोडी तोट्यातच.

उलट बाजूनं कास्तकारही नागवला जातो. ५० किलोच्या तागाच्या बारदान्याचं वजन साधारण ५८० ग्रॅम. पोत्यामागे सरसकट एक किलो कापलं तर ४२० ग्रॅम जास्त, क्विंटलला दोन पोती धरून ८४० ग्रॅम, ३८ रुपये. प्लास्टिकचं पोतं तर शंभर-सव्वाशे ग्रॅमचं, तिथे लूट दुप्पट. म्हणून दहा रिकामी पोती सगळ्यांसमोर काट्यावर ठेवा, आलेल्या वजनाला दहानं भागा, आणि तो आकडा खडूनं भिंतीवर लिहा. बारदाना बदलला की परत.

परसबाग

काट्याबद्दल भर घालते. ओलावा मोजताना मूठ पोत्याच्या तोंडातून घेतली जाते, आणि तोंडाचं सोयाबीन गाडीत वारं खाऊन सुकलेलं असतं. नमुना तीन जागांहून घ्यायचा, वर, मध्ये आणि तळाशी. तो एकत्र कालवायचा, काडीकचरा काढायचा, तीन वेळा यंत्रात टाकायचा आणि सरासरी लिहायची. यंत्र उन्हात ठेवलेलं असेल तर आकडा भरकटतो. हंगामाआधी बाजार समितीच्या किंवा प्लान्टच्या यंत्राशी एकाच नमुन्यावर ताडून बघावं, फरक कागदावर लिहून यंत्राला चिकटवावा.

दुसरं म्हणजे सभासद यादीत बायका दिसत नाहीत. कारण सांगतात, सात-बारा नवऱ्याच्या नावावर. पण कायद्यानं उत्पादक व्हायला जमिनीची मालकी लागतच नाही, प्राथमिक उत्पादनाच्या कामात असणं पुरेसं आहे. शेळ्या, कोंबड्या, दूधही त्यात येतं. सात-बारा मागतात तो हमीभाव नोंदणीला आणि योजनांना. दोन गोष्टींची गल्लत करून मंडळ निम्म्या गावाला बाहेर ठेवतं. सभासदत्वाचा अर्ज आणि योजनेचा अर्ज वेगळे ठेवा.

धुऱ्यावरचा

परसबागताई, मग ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याचं वावर वाहणाऱ्यांचं काय? पाडव्याला तोंडी ठोका ठरतो, सात-बारा मालकाचा, घाम याचा.

परसबाग

तोही सभासद होऊ शकतो, आणि तोच खरा माल आणणारा असतो. अडचण बोनसला येते, म्हणजे नफ्यातून मालाच्या प्रमाणात जे मिळतं त्याला. माल मालकाच्या नावानं मोजला की मोबदला मालकाला जातो, आणि मालक नागपुरात असतो. ठोक्याचा दोन ओळींचा कागद घ्या: गट नंबर, क्षेत्र, हंगाम, दोघांच्या सह्या. मालक सही द्यायला कचरतो, कूळ लागेल अशी भीती. मग मंडळानं आपल्याच ठरावानं लिहून ठेवावं की अमुक सभासदानं अमुक क्षेत्र या हंगामात वाहिलं. मालाची पावती आणणाऱ्या सभासदाच्या नावानं फाडायची. हमीभाव केंद्राला हे चालणार नाही, तिथे सात-बारा आणि ई-पीक पाहणीच लागते. कंपनीच्या स्वतःच्या खरेदीला चालतं.

जमाखर्च

बोनसचा उल्लेख आला म्हणून सांगतो, कारण मालकी खरी कुठे दिसत असेल तर इथे. उत्पादक कंपनी भागावर मोठा लाभांश देत नाही. नियमावलीत ठरलेला मर्यादित परतावा भागावर, सर्वसाधारण गंगाजळीत दरवर्षी भर, आणि उरलेलं ज्यानं जितका माल दिला त्या प्रमाणात. समजा निव्वळ नफा २,४०,०००. गंगाजळी ६०,०००, भागावर २०,०००. उरले १,६०,०००. सभासदांचा माल ८,००० क्विंटल, क्विंटलला २० रुपये. ४० क्विंटल देणाऱ्याला ८००. रक्कम लहान आहे, पण ती यादी सूचना फलकावर नावानिशी लागली की पुढच्या वर्षी खेडा खरेदीवाल्याच्या (गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या) गाडीकडे जाणारा माल अडतो.

ही यादी बहुतेक ठिकाणी करताच येत नाही, कारण खरेदी कच्च्या चिठ्ठीवर झालेली असते. 'पाटील, १२ पोते.' कुठले पाटील? आठ गावांत चाळीस पाटील. पावतीवर सभासद क्रमांक नसेल तर तो माल बिगर सभासदाचा धरा, असा ठराव एकदा करा. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना आपला क्रमांक पाठ होतो.

वऱ्हाडी_ठसका

अन् उधारी? खत उधार नेलं का मानूस काट्याकडं फिरकत नाही. माल दुसरीकडं इकते, का इथं आनला तं कापून घेतीन म्हनून.

सरकी_पेंड

ठसकाभाऊंनी बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं. सभासदाला उधारीची कायद्यातली मुदत सहा महिने. जूनमध्ये दिलेलं खत सोयाबीनवाला नोव्हेंबरात फेडतो, बसतं. निव्वळ तूर-कपाशीवाल्याचा पैसा फेब्रुवारीत येतो, ते आठ महिने झाले. त्यांना उधारी ऑगस्टपासून पुढच्या खताच्या हप्त्यासाठीच द्या किंवा नियमावलीप्रमाणे तारण घेऊन कर्ज म्हणून लिहा, त्याला तीन महिन्यांच्या वर ते सात वर्षांपर्यंत मुदत चालते. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, नुसतं मंडळ चालत नाही. आणि संचालकानं कंपनीचं कर्ज थकवलं की त्याचं पद जातं. हे कलम वाचून दाखवलं तरी वसुली सुरू होते.

वसुली मालातून पूर्ण कापू नका. चुकाऱ्याच्या निम्म्यापर्यंत कापायची, उरलेलं पुढच्या खेपेला, असं आधीच लिहून दिलं तर माल पळत नाही.

आता पगाराचं. योजनेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला महिना २५,००० आणि लेखापालाला १०,००० पर्यंत मिळत होते. वर्षाचे ४.२० लाख. लेखापरीक्षण, वीज, फॉर्म धरून पाच लाख म्हणा. क्विंटलला सगळा खर्च जाऊन ५० रुपये सुटले तर १०,००० क्विंटल लागतात, शंभर ट्रक. सभासदामागे ३१ क्विंटल. पाच एकरवाल्याचं जवळपास सगळं सोयाबीन. ते येणार नाही हे पहिल्या वर्षीच दिसतं, पण अनुदानाच्या सावलीत कोणी आकडा मांडत नाही. मग दाळ मिल, स्पायरल, ग्रेडर अशी माल साफ करायची, निवडायची यंत्रं मागवली जातात. यंत्रानं मार्जिन वाढतं हे खरं, पण ते दिवसाला दोन तास चाललं तर हप्ताही निघत नाही. आधी खत-बियाण्याचा व्यवहार मेव्हण्याच्या दुकानाऐवजी कंपनीच्या स्वतःच्या परवान्यावर आणा. तो वर्षभर चालतो, आणि मालाआधी माणूस बांधतो.

काटेकोर

कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ हवा आणि सभासदांपैकी नको, असं कायदाच म्हणतो. नमुन्यातला व्यवस्थापक पुतण्या सभासद नसेल तर नेमणूक कायदेशीर आहे. पण चेकवर त्याची आणि त्याच काकाची सही असेल तर दोन सह्यांचा अर्थ राहिला नाही. दुसरी सही दुसऱ्या गावच्या संचालकाची ठेवा, ज्याला त्या घरी जेवायला जायचं नसतं.

जुना_सभासद

त्या घरी जेवायला न जाणारा माणूस आठ गावांत मिळणं हीच खरी अडचण आहे. :)

अवांतर: कंपनीत डीडीआर नसतो, प्रशासक बसत नाही. कोणी सांगेल का, भांडण झालं तर जायचं कुठे?

जमाखर्च

सभासदांतले किंवा सभासद-संचालकांतले वाद आधी समेट, नाहीतर १९९६च्या कायद्याखाली लवाद. तसा करार लेखी झालाय असंच कायदा धरून चालतो, वेगळा कागद लागत नाही. लवाद तालुक्यातच बसवता येतो. सहकारातल्यासारखा अर्ज टाकून चौकशी लावता येत नाही, म्हणून कागद आधीपासून नीट ठेवण्याला पर्याय नाही.

आणखी एक, वारस. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत नामनिर्देशन द्यायचं असतं. वारस उत्पादक नसेल, पुण्यात नोकरीला असेल, तर मंडळ तो भाग परत करायला सांगतं. हे न केल्यामुळे यादीत मेलेले सभासद साचतात आणि गणपूर्तीचा आकडा विनाकारण मोठा राहतो.

सरकी_पेंड

व्यापाऱ्याच्या २० लाखांचं राहिलं. हाकलून द्यायची गरज नाही. मालापोटी आगाऊ म्हणून घ्या. अट एक: तो पैसा ३६५ दिवसांत मालात वळला पाहिजे, नाहीतर कायदा त्याला ठेव समजतो आणि मग भलतंच प्रकरण होतं. करारात क्विंटल, ओलावा, काडीकचरा, माल उचलायची मुदत, आणि भाव कसा काढायचा ते सूत्र लिहा, उदाहरणार्थ त्या दिवशीचा अमुक बाजार समितीचा सर्वसाधारण दर अधिक ठरलेला फरक. 'कंपनीचा सगळा माल आम्हालाच' ही ओळ दिसली की पेन खाली ठेवा. २० लाखांत सोयाबीन ४४४ क्विंटल बसतं, करार तेवढ्याचाच.

ज्यांना थांबायची ताकद आहे त्यांना बाजार समितीची शेतमाल तारण योजना दाखवा. मालाच्या किमतीच्या ७५ टक्के, सहा टक्के व्याज, १८० दिवस. ती कास्तकाराच्या नावानं असते, त्यामुळे तेवढा चुकाऱ्याचा भार कंपनीच्या डोक्यावरून उतरतो.

धुऱ्यावरचा

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो. 'सोयरा'ची व्याख्या नियमावलीत घालायची तर प्रक्रिया काय? मंडळातच अडेल असं धरून चाला.

जमाखर्च

दुरुस्ती सुचवायचे दोन रस्ते: निवडून आलेल्या संचालकांपैकी दोन तृतीयांश, किंवा एकूण सभासदांपैकी एक तृतीयांश. दहापैकी सात संचालक लागतात, चार जण बिथरले की पहिला रस्ता बंद. दुसऱ्याला ३२० पैकी १०७ सह्या. मग सभेत विशेष ठराव, म्हणजे विरोधाच्या तिप्पट मतं बाजूनं. मंजूर झाल्यावर १५ दिवसांत प्रत निबंधकाकडे.

सह्या १०७ वर थांबवू नका, १२५ घ्या. काही नावं दुबार निघतात, काही वारस न लागलेली. अंगठा असेल तिथे साक्षीदाराचा सभासद क्रमांक लिहा. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर दुरुस्तीचा पूर्ण मजकूर हवा. नाहीतर सभेत उठून म्हणतात, आम्ही गणपतीच्या वर्गणीची सही केली होती.

वऱ्हाडी_ठसका

हे मात्र एकदम बराबर. आमच्याकडं वर्गनीचंच रजिस्टर फिरते पयले. त्याच्या आंधी जा.